न पाहिलेले दिवस

समाजशास्त्राच्या माणसाला आकडे दाखवले की त्याच्या तोंडचं पाणी पळतं, हे काही गुपित नाही. त्याला कुणाच्या ओसरीवर बसवा, तो तासन्‌तास बोलेल, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणेल, स्वतःच्याही आणेल. पण त्याच बोलण्यातून जरा टक्केवारी काढा म्हटलं, की याचं डोकं दुखायला लागतं. अशा मंडळींना माणसांत आणायला विद्यापीठ दर उन्हाळ्यात संख्यात्मक संशोधन पद्धतींचं प्रशिक्षण ठेवतं. मुलं सुट्टीवर गेलेली असतात, वसतिगृह रिकामं असतं, संगणकाच्या खोलीत पंखे तेवढे गरगरत असतात. त्या पंख्यांखाली पन्नाशीला टेकलेले प्राध्यापकसुद्धा शाळकरी पोरासारखे मागचा बाक धरून बसतात.

आपापल्या अभ्यासाची माहिती बरोबर आणायची आणि शेवटच्या दिवशी त्यातून काहीतरी काढून दाखवायचं, असा तिथला नियम. त्यामुळे नावं कुणाच्या लक्षात राहीनात. शाळागळतीवाले आले का, अपघातवाल्यांचा संगणक बंद पडलाय, घटस्फोटवालीला चहा सांगा, असं सगळं चाले. घटस्फोटवालीचा स्वतःचा संसार दृष्ट लागावी असा होता, ही गोष्ट वेगळी. आणि खिडकीजवळच्या संगणकावर बसायची ती धूळवाली.

धूळवाली बरीच वर्षं एकाच कामाला चिकटून होती. दगड फोडायच्या यंत्रांवर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, अशी माणसं तिनं शोधून काढली होती. दरवर्षी एकदा त्यांच्या घरी जायचं, श्वास कसा आहे विचारायचं, कोण आहे आणि कोण गेलं याची नोंद करायची. ती एकटी नाही, हाताखाली चारपाच जण होते. प्रश्न साधा होता. धुळीत राबलेला माणूस पुढे किती जगतो? साध्या प्रश्नाचं उत्तर काढता काढता तिच्या नाकी नऊ आले होते, म्हणून ती इथं आली होती.

पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, वहिनीचा फोन आला. ताट बाजूला सारून ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली.

"छोटी, जेवलीस का?"

घरी ती छोटी. चाळिशी जवळ आली तरी छोटीच.

"जेवतेय. बोल ना वहिनी."

"कोर्टाची तारीख पडली. तुझं हे प्रशिक्षण संपलं की लगेच. वकीलबाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं म्हणणं लागेल. बाबांनी त्यांचं दिलं. आता तू राहिलीस."

"काय सांगायचं मी?"

"तुझं काय असेल ते. खोटं सांग असं मी म्हणत नाहीये."

"आणि मी त्या बस थांब्याचं सांगितलं तर?"

वहिनीच्या मागे दुकानातली घंटी वाजल्याचं ऐकू आलं. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची.

"तर तिथपासून पुन्हा वर्षं मोजायची," ती म्हणाली. "ठेवते गं. गिऱ्हाईक आलंय."

हे प्रकरण असं होतं. छोटीचा भाऊ, म्हणजे दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तो कामावर गेला. पिशवी कामाच्या जागी, लिफ्टच्या दारापाशी सापडली. दादा सापडला नाही, त्याला तिथं पाहिल्याचंही कुणी सांगेना. घरात भांडण नव्हतं, बाहेर कुणाशी वैर नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांनी शोधलं, घरच्यांनी आकाशपाताळ एक केलं, वर्तमानपत्रात फोटो दिले. माणूस जमिनीनं गिळला की आभाळात गेला, थांगपत्ता लागला नाही.

जवळपास दोन वर्षांनी छोटी बसनं कुठेतरी निघाली होती. समोरच्या बाजूच्या थांब्यावर गर्दी होती. त्या गर्दीत एक माणूस पाठमोरा उभा होता आणि त्याचा डावा खांदा खाली झुकलेला होता. इतकी वर्षं पिशवी वागवून दादाचा खांदा तसाच झाला होता. छोटीनं काचेवर हात आपटला, ओरडली, माणसांना ढकलत दाराकडे धावली. बस पुढच्या थांब्यावर थांबली. ती उतरून उलटी पळत आली तोवर थांबा रिकामा झाला होता.

घरी येऊन तिनं सांगितलं, मी दादाला पाहिलं.

एवढंच वाक्य. पण त्या वाक्यावर आई आणखी काही वर्षं जगली. तोवर अंथरुणाला खिळलेली बाई उठून बसली, केस विंचरायला लागली, दाराची कडी रात्री लावू देईना. आई गेली तेव्हा छोटीचा हात धरून म्हणाली, "तू पाहिलंस ना त्याला? मग झालं तर." ते वाक्य आता छोटीचं राहिलं नव्हतं. ते आईचं झालं होतं.

आता कायदा असा, की ज्यांना एखाद्याची खबर हटकून कळायला हवी, त्या माणसांना ठरलेली इतकी वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर कोर्ट त्याला मेलेला धरतं. वहिनीला तसं धरून हवं होतं. का नको? चष्म्याच्या काचा घासून देणारा एक सरळ माणूस तिच्यासाठी थांबला होता. त्यानं तोंडानं कधी घाई केली नाही, आणि तेच वहिनीला जास्त जड जात होतं. बाबांनाही तो पसंत होता. "माझ्या डोळ्यांदेखत हिचं काही मार्गी लागू दे," ते म्हणायचे. घोडं अडलं होतं ते छोटीच्या एका वाक्यापाशी. बस थांबा धरला तर वर्षं भरत नव्हती.

कुणी म्हणेल, छोटी आपमतलबी. तसं नव्हतं. वहिनीवर तिचा जीव होता. पण सापडत नाही म्हणून भावाला मेला म्हणायचं, आणि तेही सही करून, हे तिला जमत नव्हतं. तिला वाटे, आपण तेवढं म्हटलं की तो खरंच मरेल. शिकलेल्या माणसांनाही असं वाटतं. फक्त ती ते बोलून दाखवत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी तिच्या कामाचा विषय काढला. सर म्हणजे किरकोळ अंगाचे, सदा बाह्या दुमडलेले गृहस्थ. खडू खिशात ठेवायची खोड, त्यामुळे विजार नेहमी पांढरी.

"एखादी गोष्ट घडायला किती काळ लागतो, हे आज पाहायचं," ते म्हणाले. "मूल शाळा सोडतं, लग्न मोडतं, माणूस मरतो. सोपं आहे. अडचण एकच. आपला अभ्यास संपतो तेव्हा सगळ्यांच्या बाबतीत ती गोष्ट घडलेली नसते."

"म्हणजे माझ्याकडची न मोडलेली लग्नं," घटस्फोटवाली म्हणाली.

"बरोबर. ती टिकली असं म्हणाल?"

"टिकली म्हणजे, आजपर्यंत तरी टिकली."

"शाबास. आजपर्यंत तरी. पुढचं आपल्याला माहीत नाही. अशा नोंदीला आपण अपूर्ण नोंद म्हणू."

संध्याकाळी घटस्फोटवालीनं नवऱ्याला फोन लावून, "तू माझी अपूर्ण नोंद आहेस," असं सांगितलं. तिकडून तो बिचारा घाबरून, मी काय केलं, विचारत राहिला. तिची आणि धूळवालीची खोली एकच होती. धूळवाली त्या दिवशी खूप दिवसांनी पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी हसू मावळलं. प्रत्येकानं आपल्या माहितीवरून रेघ काढायची होती. ही रेघ डावीकडे वर सुरू होते आणि जिन्यासारखी उतरत जाते. एक माणूस गेला की एक पायरी खाली. धूळवालीनं कळ दाबली आणि पडद्यावर तिची रेघ उमटली. ती उतरलीच नाही म्हणायला हरकत नव्हती. पायऱ्या होत्या, पण इतक्या उथळ की सगळी सपाटीच वाटे. शेजारी धूळ न खाल्लेल्या माणसांची रेघ होती, तीही जवळजवळ तशीच.

"अरे वा," शाळागळतीवाले तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "धूळ मानवली की हो यांना!"

ते वाईट माणूस नव्हते, जीभ जरा सैल होती इतकंच. पण धूळवालीनं ती माणसं पाहिली होती. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास गोळा करणारी, झोपायला पाठ टेकू न शकणारी, खुर्चीत बसून रात्र काढणारी माणसं. यातला कुणी पडद्यावरच्या त्या सपाटीवर बसत नव्हता. आणि ही रेघ उद्या छापून आली, तर खाणीचा मालक ती चौकटीत घालून भिंतीवर लावील.

सर स्टूल ओढून शेजारी बसले. "रेघ राहू द्या. एकेक माणूस दाखवा," ते म्हणाले.

तिनं तक्ता उघडला. एका ओळीत एक माणूस. कधी पाहिला, मग कधी पाहिला, गेला असेल तर कधी गेला.

"हे कोण?" सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे सापडले नाहीत नंतर. तिसऱ्या वर्षी गेलो तर घराला कुलूप होतं."

"मग अभ्यास संपेपर्यंत जिवंत असं का लिहिलंत?"

"मेल्याची काही खबर नव्हती ना सर."

"आणि हे?"

"हेही तसेच. दुसरीकडे राहायला गेले."

"हे?"

"हे पण."

सर एकेका ओळीवरून बोट नेत गेले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला.

"फार जीव लावलात हो तुम्ही या लोकांना," ते म्हणाले.

तिनं तक्ता पुन्हा वर सरकवला.

"हे पाहा, ज्यांचं मरण तुम्हाला कळलं, ते तुम्ही मांडलं. ज्यांचं कळलं नाही, त्यांना तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत जगवलंत. त्यांतले काही खरंच जगले असतील. काही दुसऱ्याच आठवड्यात गेले असतील. आपल्याला माहीत नाही. तुम्ही त्यांना न पाहिलेले दिवस दिलेत. तुमची रेघ त्या दिवसांवर उभी आहे."

"मग काय करू? सापडला नाही म्हणजे मेला, असं लिहू? कसं लिहू मी?" तिचा आवाज चढला. मागच्या दोघातिघांनी कान टवकारले.

"मेला लिहू नका," सर शांतपणे म्हणाले. "जिवंतही लिहू नका. शेवटचा दिसला कधी, तेवढं लिहा. तिथपर्यंत तो होता. तिथपर्यंतचे सगळे दिवस त्याचे, ते त्याच्या पदरात पूर्ण घाला. त्यापुढे आपण हात जोडायचे."

धूळवालीनं मान हलवली. समजत होतं. फार नीट समजत होतं, आणि म्हणूनच तिला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण सर एका ओळीपाशी पुन्हा अडले.

"इथे पाचव्या वर्षी 'आहे' असं लिहिलंय. चौथ्या वर्षी मात्र घर बंद. पाचव्या वर्षी भेटला का?"

"शेजाऱ्यांनी सांगितलं. मुलीकडे असतो, बरा आहे म्हणाले."

"शेजारी काय हो, बरंच काही म्हणतात. तुमच्या माणसांसाठी काही नियम असेल ना? भेट झाली, असं केव्हा लिहायचं?"

नियम होता. तिनंच तो केला होता. एका वर्षी तिच्या हाताखालच्या एकानं चहाच्या टपरीवरून लांबून माणूस ओळखला आणि भेट झाली म्हणून लिहून टाकलं. तेव्हा तिनं त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं, आणि वर सगळ्यांना बजावलं होतं, की माणूस समोर असल्याशिवाय, तोंड पाहिल्याशिवाय भेट धरायची नाही. पाठमोरा पाहिला हे पाहणं नव्हे. अगदी ह्याच शब्दांत. बस थांबा तेव्हा होऊन गेला होता, आणि तरी ते शब्द बोलताना तिची जीभ अडखळली नव्हती.

"तोंड पाहिलं तर," ती म्हणाली.

"मग तोच धरा," सर म्हणाले, आणि उठून अपघातवाल्यांकडे गेले.

ती बसली आणि एकेक ओळ दुरुस्त करू लागली. कुलूप लागलेली घरं, गाव सोडून गेलेली माणसं, शेजाऱ्यांच्या तोंडून बरी असलेली माणसं. एकेकाचे जास्तीचे दिवस ती काढून घेत होती. प्रत्येकाच्या घराचा उंबरा तिला आठवत होता. एकानं तिला निरोप देताना, पुढल्या वर्षी या, असं म्हटलं होतं, आणि मधेच थांबून श्वास घेऊन, "मी असेन," असं जोडलं होतं. त्याच्या ओळीपाशी ती जरा रेंगाळली. मग त्यालाही तिनं शेवटच्या भेटीपाशी आणून ठेवलं.

पुन्हा कळ दाबली. न पाहिलेल्यांची गर्दी हटली होती, त्यामुळे एकेका मरणाची पायरी आता खोल पडली आणि रेघ उतरली. पायरीमागून पायरी उतरत गेली, धूळ न खाल्लेल्यांच्या रेघेपासून फार लांब. शाळागळतीवाले मागे येऊन उभे राहिले, पाहिलं, आणि आपल्या जागेवर गेले. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या टेबलावर चहाचा पेला आणून ठेवला.

त्या संध्याकाळी दोघी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. घटस्फोटवाली केस पुसत होती. धूळवालीनं तिला दादाचं सगळं सांगितलं. कुणाला सांगायची तिची ही पहिलीच वेळ.

"तुला मनातून काय वाटतं?" घटस्फोटवालीनं विचारलं. "तोच होता?"

"खांदा त्याचा होता."

"अगं, खांदे काय..." ती म्हणता म्हणता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "चूक तुझी नाही. तुझ्या जागी असते तर मीपण धावले असते."

"धावण्याचं काही नाही. धावलेच असते मी. पण घरी येऊन मी 'वाटलं' असं नाही म्हटलं. 'पाहिलं' म्हटलं. आई समोर बसली होती गं."

घटस्फोटवालीनं तिचा हात हातात घेतला.

छोटीच्या डोक्यात मात्र सरांचं बोलणं फिरत होतं. सापडला नाही त्याला आपण दिवस दिले की ते कुठून तरी येतात. तक्त्यात ते नुसत्या आकड्यांतून येतात, फार तर रेघ खोटी पडते. घरात ते वहिनीच्या आयुष्यातून आले होते. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येणारी, बाबांचं पथ्य सांभाळणारी, लग्नाच्या जेवणाला बोलावणं आलं की काहीतरी कारण काढणारी वहिनी. विधवा नाही, सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही. भावाला जगवायला छोटीनं बाईचं एक अख्खं तारुण्य वापरलं होतं आणि त्याला माया म्हटलं होतं. हे तिला त्या पायऱ्यांवर स्वच्छ दिसलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटच्या दिवशी तिनं आपली रेघ सगळ्यांना दाखवली. सर नुसते "हं" म्हणाले. सर हं म्हणाले म्हणजे खूपच झालं, असं मंडळी म्हणत. निरोपाचे फोटो, पत्ते, नक्की भेटू या वगैरे जे होतं ते झालं, आणि ती बॅग घेऊन घरी न जाता थेट चष्म्याच्या दुकानात गेली.

दुपारची वेळ होती. मालक जेवायला गेला होता. आतल्या अंधाऱ्या खोलीत वहिनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे तपासत होती. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन आणि त्यात वरून खाली लहान होत गेलेली अक्षरं. छोटी दाराशी उभी राहिली.

"शेवटची ओळ वाचा काका."

काकांनी धडाधड वाचली.

"दिसतंय, की अंदाजानं सांगताय?"

काका ओशाळले. "अंदाजानं."

"अंदाज नको. दिसेल तेवढंच सांगा. चष्मा चुकीचा लागतो मग."

काका गेले. वहिनीनं छोटीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. "अगं, तू सरळ इकडेच? आणि डोळे बघ कसे झालेत. संगणकासमोर बसून बसून लाल झालेत नुसते. बस, नंबर बघते तुझा."

"वहिनी, मला बोलायचंय."

"बस तर आधी."

वहिनीनं तिच्या नाकावर तो जड, गोल चौकटीचा चष्मा चढवला, एका डोळ्यावर झाकण घातलं आणि उजेडाचा चौकोन सोडून बाकी अंधार केला. छोटीनं वरच्या ओळी वाचल्या. खाली खाली येत गेली. शेवटच्या ओळीपाशी थांबली.

"वाच ना."

"नाही दिसत."

"बरं. काच बदलते."

"वहिनी, मी पाठ पाहिली होती."

काचांच्या पेटीत फिरणारी वहिनीची बोटं थांबली.

"त्या थांब्यावर. मी पाठ पाहिली. खांदा पाहिला. तोंड पाहिलं नाही. तो दादा असेल, नसेल. मला माहीत नाही. मी पाहिलं म्हणून सांगितलं ते... अंदाजानं सांगितलं. कोर्टात मी तेच सांगणार. दादा मेला असं मी म्हणणार नाही वहिनी, ते माझ्यानं होणार नाही. पण त्या सकाळनंतर मी त्याला पाहिलेलं नाही, एवढं सांगेन. ते खरं आहे."

छोटीला वाटलं होतं, वहिनी सुटकेचा श्वास टाकेल. रडेल कदाचित, हात धरेल. तसं काही झालं नाही. वहिनी गोल स्टुलावर हळूच बसली. एक डोळा झाकलेला असल्यानं छोटीला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"म्हणजे," वहिनी म्हणाली, "त्याला शेवटचं मी पाहिलं."

"हो. तू दारात होतीस ना. तू पोलिसांना सांगितलंस तसंच."

"दारात नव्हते मी."

बाहेर दुकानाची घंटी वाजली. कुणीतरी आत डोकावलं, कुणी दिसेना तशी पुन्हा घंटी वाजवून निघून गेलं.

"मी ओट्याशी होते. दूध उतू जायला आलं होतं. तो 'येतो' म्हणाला. मी 'हं' म्हटलं. मान वर केली नाही मी छोटी. पिशवी खांद्याला होती, निळा शर्ट होता, हे सगळं मी पोलिसांना सांगितलं. कारण पिशवी रोजच असते आणि शर्ट दोरीवर नव्हता. मी पाहिलं काहीच नाही."

छोटीनं तो जड चष्मा काढला.

"तू जेव्हा येऊन सांगितलंस ना, की तू पाहिलंस त्याला," वहिनी म्हणाली, "तेव्हा आईंपेक्षा मी जास्त रडले होते, मोरीत जाऊन. मला वाटलं, सुटले. आता शेवटचं पाहणारी मी नाही. कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं. मग पुढे तुझ्यावर चिडत राहिले, तुझ्या त्या बस थांब्यापायी माझं सगळं अडलंय म्हणून. दिवसभर इथं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, दिसतंय की अंदाज आहे. तुला मात्र एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणूनच विचारलं नाही."

आता तिला रडू फुटलं. छोटी खुर्चीतून उतरली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. वहिनीचे दोन्ही हात तिनं धरले. त्या हातांना काचा पुसायच्या पाण्याचा वास येत होता.

"दिवा लावू?" थोड्या वेळानं छोटीनं विचारलं.

"नको. राहू दे जरा."

"वहिनी, तू 'हं' म्हटलंस ना?"

"म्हटलं."

"त्यानं ते ऐकलं असेल?"

वहिनीनं विचार केला. खरंच विचार केला, अंदाज न करता.

"ऐकलं," ती म्हणाली. "दूध उतू जातंय बघ, असं म्हणून हसला. ते हसू ऐकलं मी. मग गेला."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही. मीही विसरले होते. आत्ता आठवलं."

"मग तेच सांगू या आपण," छोटी म्हणाली. "त्या सकाळी तो बोलला आणि हसला, ते तू ऐकलंस. तिथपर्यंत तो होता."